ऑस्विकचं चोरटं जातं

मी जातं बोलतंय. गवताखाली पडलंय म्हणून आवाज दबका वाटेल. पण खरं सांगू का, मी जन्मभर दबकतच बोलत आलंय.

इंग्लंडातल्या आमच्या ऑस्विक गावात घरी दळायला बंदी होती. दळण जहागीरदाराच्या पाणचक्कीवरच न्यायचं आणि पिठातला वाटा तिथे ठेवून यायचं. म्हणून एमोटाच्या नवऱ्याने मला लपूनछपून घडवलं. पुढे तो साथीत गेला. मागे राहिलो एमोटा, तिची म्हातारी सासू सिबिल आणि मी.

मग जहागीरदाराला मेंढ्यांचं वेड लागलं. माणसांपेक्षा लोकर बरी! काही ना काही खुसपट काढून त्याने एकेक घर उठवलं. शेवटी चक्कीसुद्धा बंद केली, घरी दळायची बंदी मात्र तशीच ठेवली. आता खायचं काय, कपाळ? एमोटा माझ्याखाली घोंगडी अंथरून हलक्या हाताने दळू लागली.

एका सकाळी जहागीरदाराचा कारभारी थर्स्टन झडतीला आला. त्याला वाटेवर बघून एमोटाने माझा वरचा दगड राखेत पुरला, खालचा पायरी म्हणून दारात पालथा घातला. मेला नेमका माझ्यावरच उभा राहिला! माझी तर पाचावर धारण बसली.

“जातं सापडलं तर आजच घर सोडायचं, एमोटा.”

“शोधा की. उंदीर सापडले तर तेही घेऊन जा.”

त्याने गवताची गादी फाडली, रांजण उपडा केला. काही मिळेना. चरफडत तो निघाला, तशी सिबिल लगबगीने बाहेर आली. दारी आलेल्याला तिने जन्मात उपाशी धाडलं नव्हतं. तिने जवाची गरम भाकर त्याच्या हातावर ठेवली.

“खाऊन जा रे बाबा, लांब जायचंय तुला.”

थर्स्टनने भाकर मोडून पाहिली. “चक्की बंद होऊन महिना झाला, आजी. हे पीठ कुठून आलं?”

दुपारपर्यंत त्याने घराचं छप्पर उतरवलं.

सिबिल रस्त्यातच बसली. “माझ्याच हातानं घर घालवलं गं!”

एमोटाने तिला उठवलं. “चला, सासूबाई. जिथे भाकर द्यायची चोरी झाली, ते घर ठेवून तरी काय करायचं होतं?”

त्या गेल्या. मला फार रडू आलं.

आता इथे नुसते गवताचे उंचवटे आहेत. लोक फिरायला येतात. एखादं लेकरू विचारील, इथे काय होतं? कुरण होतं म्हणू नका हो. एमोटा आणि सिबिलचं घर होतं, एवढं सांगा.