पेला कोणी सरकवला?

सफ्रू गावचे निवृत्त जन्ममृत्यू-नोंदणी कारकून सी बूश्ता यांनी अखेर डोळे तपासून घेतले. पण वाचकहो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. सी बूश्ता यांच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलंच नाही. त्या दिवशी ते फक्त पुदिना आणायला गेले होते. तेव्हा आपणही ते गेलेच नाहीत असं धरून चालू.

त्यांच्या घरी चहा ओतायचा मान त्यांचा. किटली खांद्याच्या वर न्यायची, धार खाली सोडायची, आणि चिमुकल्या पेल्यात चहावर फेसाचा फेटा उभा करायचा. चाळीस वर्षांत एक थेंब बाहेर नाही! नऊ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी बिनसाखरेची वेगळी किटली केली आणि आजार निकाली काढला. निकाली काढलेलं प्रकरण पुन्हा उघडायचं नसतं, हा त्यांचा नोकरीतला नियम.

चार महिन्यांपूर्वी धार पहिल्यांदा तबकावर पडली. त्यांची बायको लल्ला तामो चटकन म्हणाली, "नळीच वाकडी दिसतेय मेली!" झालं. सी बूश्ता यांनी तांबटाकडे दोन प्रतींत लेखी तक्रार केली. तांबटाने उत्तर पाठवलं, की नळी सरळ आहे, हवं तर किटलीला साक्षीला उभं करतो. त्यांनी लागोपाठ तीन किटल्या बदलल्या.

तेव्हापासून तामो तबकाजवळ बसू लागली. धार जिकडे वळेल तिकडे ती पेला अलगद सरकवायची. अंगठा दोनदा पोळला. शेजारणींना सांगितलं, तेल उडालं. सी बूश्ता खूश, घर खूश. फक्त तामोला घोर. कारण परवा त्यांनी खुंटीवरच्या झग्याला वाकून सलाम केला होता, आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर रागावले होते. शिवाय रोज एकच कुरकुर: "चहात केस आहे!"

"अहो, कुठेय केस?"

"हा काय, तरंगतोय. काळा."

तामो घरात दोन-दोन रुमाल डोक्याला बांधून वावरू लागली. केस काही चहातून जाईना. चहा संपला तरी केस तिथेच.

"डोळे दाखवता का एकदा?" तिने भीत भीत विचारलं.

"डोळे दुखतायत का माझे? नाही ना? मग त्यांना कशाला दाखवायचं!"

त्यात नात विदादचा साखरपुडा ठरला. शुक्रवारी मक्नासहून वराकडचे बाराजण शकुनाच्या साखरेचे मोठाले सुळके घेऊन यायचे होते. बारा पेले, आणि तामोला हात दोन! तिने मुलाला डाव्या बाजूला बसवून सराव सुरू केला. ती खोकली की पेला मागे, शिंकली की पुढे. एकदा तिला खरीच शिंक आली आणि चार पेले तबकाखाली गेले.

बुधवारी सी बूश्ता यांची थोरली बहीण लल्ला शामा आली. अकरा वर्षांपूर्वी मधुमेहात तिचे दोन्ही डोळे गेले. ती भिंतीला टेकून बसली. भावाने किटली उंच केली.

"थांब!" शामा म्हणाली. "पेला कोणी सरकवला?"

तामोने पेला पुन्हा जागेवर ठेवला.

"तामो, चहा वरून येतोय आणि पेला तबकावरून चालतोय. आमच्या घरचे पेले एका जागी बसतात बाई."

"ताई, तुला दिसत नाही," सी बूश्ता म्हणाले.

"दिसत नाही रे, बहिरी नाहीये. तामो, हात मांडीवर घे. ओत आता, बूश्ता."

तामोने हात मांडीवर घेतले. पहिली धार तबकावर. दुसरी सतरंजीवर. तिसरी थेट, एक थेंबही न सांडता, साखरेच्या डब्यात!

सी बूश्ता यांनी किटली खाली ठेवली. मग हाताने पेले चाचपले. तिन्ही कोरडे.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"चार महिने," तामो म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मी तुमची इभ्रत सांभाळत बसले हो! डोळे सांभाळायचे होते ते राहिलंच!"

शामाने आवाज उतरवला. "ऐक, बूश्ता. मी जलाबा झग्यांची रेशमी गाठींची बटणं करायचे. शेवटची दोन वर्षं माझ्या गाठी चुकत होत्या. सुना त्या गुपचूप सोडवून पुन्हा घालायच्या. मला वाटायचं, काय हात आहे माझा! दुखलं मलाही नाही. दुखत नाहीच ते. साखर डोळ्यामागच्या पडद्यातल्या बारीक नसा पोखरत राहते, आणि आपण चष्म्याला नावं ठेवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं आधी आला असतात तर. तीच दोन वर्षं, बरं का. सुनांनी प्रेमाने खाल्ली माझी."

गुरुवारी सी बूश्ता पुदिना आणायला गेले. वाटेत दवाखाना लागला, त्याला त्यांचा इलाज नव्हता. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, पडद्याचे फोटो निघाले. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. तो तरंगता केस तिथला होता. उजव्यात सुरुवात होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुया घ्याव्या लागतील, लेझर लागेल, साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा. गेलेलं सगळं परत येईल असं नाही सांगत. आहे ते बहुधा राखता येईल."

ते काळा चष्मा लावून घरी आले आणि जुडी तामोपुढे टाकली. "पुदिना."

तामोने जुडी पाहिली. चार महिन्यांची सवय ओठावर आली होती. तिने ती गिळली.

"अहो," ती म्हणाली, "ही कोथिंबीर आहे."

त्यांनी जुडी उचलून हुंगली. मग सी बूश्ता म्हणाले, "आजपासून असंच सांगत जा."

शुक्रवारी चहा तामोने ओतला, चार बोटं उंचीवरून. फेटा काही उभा राहिला नाही. साखरपुडा मात्र झाला.

तर नागरिकहो, घरात मधुमेह असेल तर डोळे दुखायची वाट पाहू नका. दिसतंय तोवरच, वर्षातून एकदा, पडदा तपासून घ्या. आणि माणूस आपला असेल तर त्याचा पेला सरकवू नका!

सी बूश्ता यांनी पालिकेकडे दिलेला अर्ज असा:

"मा. अध्यक्ष यांस, सविनय विनंती, की जन्मनोंदवहीत यापुढे माणसाच्या प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र नोंद करावी, मधुमेही डोळ्यांस दरसाल तपासणीस हजर राहण्याची नोटीस डोळ्याच्याच नावे बजावावी, आणि मालकाने पुदिन्याचे कारण दिल्यास ते ग्राह्य धरू नये. अर्जदाराच्या डाव्या डोळ्याची नोंद मागील तारखेने व्हावी. तो हयात आहे."