पानाआडचं आठवं पिल्लू

मित्रांनो, माझ्या पाठीला चिकटपट्टी आहे, एक कोपरा कुणीतरी दात येताना चावून ठेवलाय आणि हत्तीच्या पानावर दुधाचा डाग आहे. यावरून ओळखलंच असेल तुम्ही, मी लहान मुलांचं एक जुनं पुस्तक आहे. एक हत्ती, दोन उंट, तीन ससे, असं करत दहा मुंग्यांपर्यंत गाणी म्हणत मोजायला शिकवणारं.

माझी गाणी रचली एका आजोबांनी आणि चित्रं काढली त्यांच्या सुनेने. सातव्या पानावर आजोबांनी लिहिलं:

सात पिल्लं बदकाची
रांग धरून चालली,
शेपट्या हलवत, पाणी उडवत
तळ्यामध्ये न्हाली.

सुनेने सात पिल्लं काढली. मग तळ्याचा एक कोपरा तिला ओकाबोका वाटला, म्हणून तिने एका रुंद पानाआड आणखी एक पिल्लू बसवलं. डोकं आणि चोच तेवढी बाहेर. बसवलं आणि विसरून गेली. आजोबांनी गाणं तपासलं, छापखान्याने रंग तपासले. पिल्लं मात्र कुणीच मोजली नाहीत.

मी एका बालवाडीत राहायला गेलो. तिथल्या ताई मला छातीशी धरून, पानं मुलांकडे करून, स्वतः न बघता गाणी म्हणायच्या. काय तो ठेका! मी तर फुगून जायचो. अधूनमधून एखादं मूल “आठ” म्हणायचं. ताई म्हणायच्या, “नीट मोज बरं, सात!” मुलं समजूतदार, ताईंना वाईट वाटू नये म्हणून सात म्हणून टाकायची.

मग एका वर्षी बटण आली. गोल आणि एवढीशी, म्हणून घरचे तिला बटण म्हणत.

“किती पिल्लं, बटण?”

“आठ.”

“गाण्यात काय आहे?”

“सात.”

“मग किती?”

“आठ.”

वर्ग खदखदून हसला. “घाई करतेस तू,” ताई म्हणाल्या, “एकच पिल्लू दोनदा मोजतेस.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बटणने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मोजलंच नाही. पुढे कुठलंही पान उघडलं, तरी ती चित्राकडे न बघता ताईंच्या तोंडाकडे बघायची. एका हत्तीला ‘एक’ म्हणायचीसुद्धा तिची छाती होईना. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण पुस्तकाला छापलंय तेवढंच बोलता येतं.

ताई काही वाईट नव्हत्या. त्यांना काळजी वाटली. मला पिशवीत घालून त्यांनी बटणच्या बाबांकडे दिलं. “घरी जरा सराव करून घ्या.”

बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं. टेबलाच्या उबेने माझी पानं कुरकुरीत झाली.

“चला मॅडम, बदकं मोजू.”

“तुम्हीच सांगा ना बाबा, किती ते.”

“अगं, मोजल्याशिवाय कसं सांगू?”

बाबांची एक सवय होती. कपड्यांच्या गाठोड्यासोबत चिठ्ठी यायची, अमुक इतके कपडे म्हणून. ती चिठ्ठी बाबा पालथी घालायचे, आधी कपडे मोजायचे, मग चिठ्ठी बघायचे. म्हणायचे, “चिठ्ठी आधी वाचली की डोळे तिचंच ऐकतात.” त्यांनी माझ्या गाण्यावर तळहात ठेवला आणि एकेका पिल्लावर बोट टेकवलं. आठ. मग उलट्या बाजूने. आठ. हात उचलून गाणं वाचलं आणि कान खाजवला.

“बटण, कपडे बरोबर आहेत गं. चिठ्ठी चुकलीय.”

“म्हणजे मी?”

“तू बरोबर.”

ती हसली नाही. तिने स्वतः चारदा मोजलं, दर वेळी आवाज चढवत. कपडे न्यायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “काय रे भाऊ, लिलाव चाललाय का इथे?”

सकाळी बाबांनी मला ताईंपुढे धरलं. “ताई, गाण्यावर हात ठेवून मोजता का जरा?”

ताईंनी मोजलं. परत मोजलं. “अगंबाई! अकरा वर्षं शिकवतेय मी हे.” मुलांच्या बुटक्या खुर्चीवर त्या बटणशेजारी टेकल्या. “तू बरोबर होतीस गं. मी मोजतच नव्हते, नुसतं म्हणत होते.”

त्यांनी लगेच कागदाचा कपटा काढला, जास्तीचं पिल्लू झाकायला. बटणने पिल्लावर हात ठेवला.

“नका ना झाकू. त्याने काय केलंय?”

ताई थांबल्या. मग त्याच कपट्यावर दोघींनी मिळून चार ओळी जुळवल्या आणि गाण्याखाली डकवल्या:

आठवं पिल्लू पानाआड
हळूच हसून पाही,
बोट ठेवून मोजेल जो
त्यालाच दिसेल बाई!

मग ताईंनी पहिलं पान उघडलं आणि काही न विचारता वाट बघत बसल्या. बटणने सवयीने पाठीमागे गेलेला हात पुढे आणला, हत्तीच्या सोंडेवर बोट टेकवलं आणि “एक!” अशी ओरडली की दारातून निघालेले बाबा मागे वळले.

आता मी म्हातारा झालो. मित्रांनो, मला फाडू नका, भिजवू नका, एवढं तर मागतोच. पण जपायचं म्हणून कपाटात कोंडू नका, आणि पाठ झालंय म्हणून बघायचं सोडू नका. बोटं लावा, चिकट असली तरी चालतील. पूर्वी सातव्या पानावरची सात पिल्लं फिकी पडलेली होती आणि आठवं कोरं करकरीत, नुकतंच छापल्यासारखं. आज ते सगळ्यांत फिकं आहे. चोच तर पार पुसली गेलीय.

तरी मुलांना ते दिसतं.