एकादशीच्या पुडीतली भगर

"गिऱ्हाइकाचा उपास आपला समजून पुडी बांध," असं सासूबाई सांगायच्या. मी त्यांना तसं वचन दिलं होतं.

म्हणूनच आमच्या शनिवार पेठेतल्या दुकानातून नेहमीच्या गिऱ्हाइकांना उपासाच्या आदल्या दिवशी काय हवं ते विचारायला फोन जातो. त्याला खर्च नाही आणि विक्रीही होते. आज मात्र तेजसने, माझ्या मुलाने, न विचारता अकरा घरांच्या पुड्यांत भगर घालून त्या पोचत्याही केल्या.

"अरे, उद्या एकादशी. भगर या घरांत चतुर्थीला चालते, एकादशीला नाही."

"आई, देव काय पुडी उघडून बघणार आहे? तेवढाच माल खपला."

"त्या अकरांतल्या मुक्ताईआजींना नीट दिसत नाही. आपण पाठवू ते त्या शिजवतात."

"मग त्यांना कळणारही नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्यांच्याच गळ्यात माल मारायचा, याला धंदा म्हणायचं?

मी राजगिऱ्याच्या अकरा पुड्या पिशवीत भरल्या आणि भगर बदलून द्यायला आधी मुक्ताईआजींकडे निघाले.