साहेबांच्या मागचा ट्रक

खरं सांगते, त्या सकाळी मानोऱ्याच्या चौकात माझ्याएवढं मोठं कोणीच नव्हतं. मंत्रीसाहेबसुद्धा नाही! माझ्या गळ्यात दिलावरचाचांच्या स्टुडिओचा कॅमेरा होता. ऐनवेळी चाचांना कारंज्याच्या लग्नाला जावं लागलं आणि दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाणारी मी, अकरावीतली पोरगी, साहेबांच्या सत्काराची फोटोग्राफर झाले.

"वर्षाराणी, सायबाचाच फोटो काढजो," चाचांनी बजावलं होतं. "बॅनर बनवायचं हाय. बाजारातल्या बाया टिपत बसू नको."

त्यांना माझी खोड माहीत. मला बाजारातलीच माणसं आवडतात. तराजूच्या काट्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्या बाया, सलूनच्या आरशात मिशी निरखणारे म्हातारे. पण एवढ्या फोटोंत माझ्या याडीचा एकही नव्हता. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर ओढायची. "थांब, चांगलं लुगडं नेसतो." ते कधी नेसलीच नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी ती ऊसतोडीला निघाली होती. आता उन्हाळ्यातच परत. जायच्या आधी तिचा एक फोटो मला हवाच होता, पण सत्कार सकाळी आणि ट्रकही सकाळीच.

"जाय तू," तिनंच मला हाकललं. "आज सारे तुह्याकडंच पाहतीन."

साहेब आले. हार, फटाके, घोषणा. पोलिसांनी रस्ता अडवला आणि थांबलेल्या गाड्यांत मला ऊसतोडीची माणसं नेणाऱ्या भाऊसिंग मुकादमाचा ट्रक दिसला. वर बिछाने, भांडी, एक शेळी आणि सगळ्यात उंच बसलेली याडी! तोंडावर पदर नाही, लाजणं नाही. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून ती हसत होती, अख्खी हसत होती.

साहेब ट्रकच्या पुढ्यातच उभे. मी त्यांच्या डोक्यावरून तिच्यावर नेम धरला.

"ओ फोटोवाली, सायेब इकडं हाय!" एक कार्यकर्ता ओरडला. मग ट्रककडे वळून, "ए, खाली वाका रे! फोटोत येऊन राह्यले तुमी!"

याडी वाकली. आपण पोरीचा फोटो खराब करतोय, असं वाटलं तिला. मी हात हलवला, उठ, उठ! तिला वाटलं, अजून खाली. तेवढ्यात माझं बोट बटणावर दाबलं गेलं. मग रस्ता मोकळा झाला आणि ट्रक गेला.

"एक नंबर!" संध्याकाळी चाचा खूश. "हा ट्रक उडवतो, मागं निळं आभाळ टाकतो."

"बॅनरवर टाका आभाळ. मले ट्रकवाला फोटो द्या."

चाचांनी फोटो मोठा केला. बिछान्यांच्या मधे हिरव्या पदराची एक वाकलेली पाठ.

"कोन हे?"

"माही याडी."

त्यांनी मोठी प्रिंट काढून दिली.

चार दिवसांनी उसाच्या फडावरून तिचा फोन आला.

"सायबाचा फोटो निंगाला नं बरोबर? मी लगेच वाकलो होतो."

केवढा अभिमान होता आवाजात!

"हो याडी. सायेब एकदम साफ आले."

"मंग झालं. ठेवतो."

तिचा फोन साधा, त्यात चेहरा दिसत नाही. मी डोळे मिटून नेम धरला.

"ठेवू नको! कुठं बसून राह्यली तू?"

"पालापुढं. दगडावर."

"केस बांधले का मोकळे?"

"मोकळे. आताच न्हालो. काहून वं?"

"सांग नं. ऊन कोन्या बाजूनं हाय?"

"येडी कुठली," ती हसली. "डाव्या."