मंदाबाईचा छत्रीवाला

मित्रांनो, मी एक जुना मूकपट आहे. मुक्याला तोंड फुटलं म्हणून हसू नका. एवढं सांगतो आणि पुन्हा गप्प बसतो.

मी फारसा गाजलो नाही. नावाची पट्टीही केव्हाच झिजली. माझ्यात एका बावळट नवऱ्याची गोष्ट आहे. रुसलेल्या बायकोला आणायला तो निघतो, वाऱ्याने त्याची छत्री उलटी होऊन उडते आणि तिच्यामागे धावता धावता स्वारी गटारात पडते. ते पाहून बायको हसते, रुसवा संपतो.

नव्वदच्या सुमारास मी सुरतेत एका भट्टीवर येऊन पडलो. तिथे जुन्या साड्यांचे जरीचे काठ जाळून चांदी काढायचे. माझ्या अंगातही थोडी चांदी असते, म्हणून माझेही दिवस भरले होते. धुडकूने मला तिथून मागून नेलं. हा धुळ्याकडचा गडी सुरतेतच पर्वत पाटियाजवळ कापडाचा लूम चालवायचा आणि जुन्या फिल्म जमवायचा. लोक त्याला खुळा म्हणत.

त्याची बायको मंदाबाई लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरता भरता बहिरी झाली होती. टीव्हीवरची माणसं तिला नुसती तोंडं हलवताना दिसत. माझ्यासमोर मात्र नवराबायको सारखीच, ऐकायला कुणालाच काही नसायचं. लूमच्या सुट्टीला दुपारी खिडकीला गोणपाट लावून धुडकू हाताने सिनेमाचं मशीन फिरवायचा. पडदा म्हणजे लूमवरचं कोरं कापड. छत्रीवाला पडला की मंदाबाई खदाखदा हसायची आणि ‘परत’ म्हणून बोट फिरवायची. आपण किती मोठ्याने हसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या हसण्यासाठी धुडकू मला पुन्हा मागे न्यायचा.

त्या ओढाताणीत मी नेमका तिथेच तुटू लागलो. लूमवर धागा तुटला की खराब टोक कापायचं, गाठ मारायची, लूम सुरू करायचा. धुडकूच्या हाताला तेच वळण. त्याने माझंही तेच केलं. तुकडे केरात गेले.

एका सुट्टीला नवरा छत्री घेऊन निघाला आणि लगेच बायको हसताना दिसली. मधलं सगळं संपलं होतं.

“तो छत्रीवाला कोठे गया?” मंदाबाईने विचारलं.

धुडकूने दोन बोटांची कात्री करून दाखवली. ती उठून चहा ठेवायला गेली. त्याने नंतर सुताच्या कचऱ्याचे ढीग उपसले, हाती काही लागलं नाही. माझी दुसरी प्रतही कुठे नाही. आता मी खाटेखाली डब्यात सडक्या फिल्मचा आंबट वास सोडत पडून आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू तुटली तर जरूर जोडा, पण तिचा तुकडा टाकू नका. कुणाचं हसू कुठल्या तुकड्यात आहे, हे कात्रीला कळत नाही. मंदाबाई अजून याच खाटेवर बसून कांड्या भरते. तिचं हसणं मात्र मी त्यानंतर ऐकलेलं नाही.