उसनं दिलेलं नाव

सोमवारी सकाळी वारसिनीने भिजलेलं सोयाबीन टोपलीत ओतलं आणि नेहमीसारखी त्यात उतरून तुडवायला लागली. सालं सुटली नाहीत तर ती विकते त्या टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, वडी धरत नाही. बावीस वर्षं तुडवून तिचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून तिने सालं काढायच्या यंत्रासाठी बँकेत अर्ज टाकला होता. यंत्र आलं नाही तर सतरा वर्षांच्या लेकीला, सेकारला, शाळा सोडून टोपलीत उतरावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी ती बँकेत गेली.

"दहा वर्षांत तुमचा एक हप्ता चुकला नाही," हरजितो साहेब म्हणाले. "पण काकू, तुमच्या नावावर तीन अ‍ॅपची कर्जं थकलीत."

"माझ्याकडे तर साधा बटनांचा फोन आहे, साहेब."

"कुणाच्या फोनपुढे बसून चेहरा पटवायला डोळे मिचकावले होते का?"

वारसिनीला आठवलं. ईदच्या आधी नणंद लास्मी आली होती. 'वहिनी, ओळखपत्र द्या, इकडं बघा, डोळे मिचकावा. झालं.' आमच्या गल्लीत वाटीभर साखर मागावी तसं नाव मागतात, आणि नाही म्हणणारी माणूसघाणी ठरते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. अ‍ॅपवाले मेले याच भिडेवर पोसले जातात. कुणा परक्याचा पैसा दुसऱ्या परक्याला देतात, आपली दलाली आधी कापून घेतात, आणि बुडालं की नाव आपलं जातं.

"पूर्वी तुमच्या गल्लीतले दहातले आठ अर्ज मी मंजूर करायचो," साहेब म्हणाले. "आता वरून सगळेच परत येतात. मी तरी काय करणार?"

काय करणार म्हणे! एकदा गल्लीत येऊन विचारलं असतंत तरी पुष्कळ होतं.

ती घरी आली तर लास्मी फोन घेऊन बसलेली, आणि समोर सेकार, हातात सतरा पूर्ण झाल्यावर मिळालेलं नवंकोरं ओळखपत्र.

"वहिनी, माझं नाव तर कधीच गेलंय, माझ्या दिरांच्या रिक्षाच्या कर्जापायी. पोरीचं नाव कोरं आहे. यातून तुमचं थकलेलं फेडते, मग बँक यंत्र देईल."

"दे गं," नवरा म्हणाला. "माझी बहीण आहे ती."

"सेकार, डोळे मिचकाव बाळा," लास्मी म्हणाली.

वारसिनीने फोनवर तळहात धरला. "नाही वन्सं. यंत्र नको मला. मी तुडवीन, पण पोरीचं नाव देणार नाही. तिची शाळाही सुटणार नाही."

"सख्ख्या नणंदेला नाही म्हणालीस?" नवरा म्हणाला. "गल्ली काय म्हणेल?"

"गल्लीलाच विचारते."

शुक्रवारी बायकांची भिशी जमली. वारसिनी दुखऱ्या गुडघ्यांनी उभी राहिली. "माझं नाव मी भिडेपायी घालवलं. आणखी कुणी कुणी दिलंय? हात वर करा. सगळ्या मिळून बँकेत जाऊ, आणि यापुढे कुणी कुणाला नाव द्यायचं नाही."

मग एक हात वर आला. तो लास्मीचा होता. त्याच्यामागून एकोणीस आले.

वारसिनी धरून त्या दिवशी भिशीला एकवीसजणी होत्या.