पांढुर्ण्याहून समुद्रावर

पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत नलिनीताई गणित शिकवत. नागपूरच्या कॉलेजात त्या गणितात पहिल्या आल्या होत्या. पुढे शिकायची फार इच्छा होती, पण अचानक वडील गेले. धाकटा भाऊ श्रीधर तेव्हा शाळेत होता, म्हणून त्या घरी परतल्या आणि त्यांनी खडू हातात घेतला तो घेतलाच. ज्याच्यासाठी परतल्या, तो मात्र मॅट्रिक होताच लढाईच्या धामधुमीत आरमारात भरती झाला. एकदा समुद्र पाहिल्यावर त्याला दुसरं काही सुचेना.

आरमार सुटल्यावर तो मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून लागला. मोडीत निघालेल्या एका जहाजाची जुनी होडी त्यानं मिळवली. सुट्ट्यांच्या दिवशी खपून तिच्यावर सागवानी फळ्यांचं छत घातलं, डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. छप्पन सालच्या दिवाळीला घरी आला तो हे सगळं पोटात ठेवून.

आई वच्छलाबाई चुलीपुढे चकल्या तळत होत्या. श्रीधर उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, मी होडी घेऊन आफ्रिकेले जाऊन राहिलो. मोंबासाले. हिवाळ्यात वारा तिकडेच वाहते."

"कोणासंगं?" आईनं विचारलं.

"एकटाच."

झारा कढईतच राहिला. चकल्यांचा घाणा काळा पडला, तेव्हा नलिनीताईंनी कढई उतरवली.

दुसऱ्या दिवशी श्रीधरनं बहिणीला गाठलं. "ताई, होडी चालवता येते मले. पण चारी बाजूंनी पाणी असलं का आपण कुठं हाय ते सूर्यावरून काढा लागते. कोन मोजतो मी बरोबर, पुढचा हिशेब चुकते. तूच शिकव."

नलिनीताईंना खरं तर त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. पण त्यानं आणलेली सूर्याच्या रोजच्या जागेची कोष्टकं त्यांनी चाळायला घेतली, आणि दुपारचं जेवण कधी थंड झालं ते त्यांना कळलं नाही. कॉलेज सुटल्यापासून इतकं चांगलं गणित त्यांच्यासमोर आलंच नव्हतं.

कोन मोजायचा तो समुद्राच्या क्षितिजरेषेपासून; पांढुर्ण्याला ती कुठून असणार? श्रीधरनं अंगणात परातीत तेल ओतलं आणि तेलातलं सूर्याचं प्रतिबिंब धरून बरोबर आणलेल्या यंत्रानं कोन मोजला. असा मोजला की कोन दुप्पट येतो. तो निम्मा करायचा हे त्याच्या ध्यानात होतं. पुढे मात्र त्यानं वजा करायच्या जागी बेरीज केली. नलिनीताईंनी शाळेतून आणलेल्या नकाशावर बोट ठेवलं आणि त्या हसतच सुटल्या.

"काय झालं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"माय, यानं आपलं घर रशियात नेऊन ठेवलं!"

त्याच आठवड्यात राज्यांची वाटणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, आणि पांढुर्णा-सौंसरच्या लोकांची राजधानी आता भोपाळ होती. बाजारात दुसरा विषय नव्हता. आई दारात आल्या आणि म्हणाल्या, "राजधानी भोपाळले गेली तेच समजून नाही राहिलं मले, अन् हा रशियात नेते!" बोलता बोलता त्यांनाही हसू फुटलं. श्रीधरचा बेत ऐकल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

श्रीधरनं रजा वाढवून घेतली आणि शिकवणी सुरू झाली. नलिनीताईंनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली. "मी तुले एकही उत्तर सांगणार नाही. तिथं मी नसणार." चूक कुठे आहे तेही त्या सांगत नसत, नुसत्या "पुन्हा" म्हणत. भाऊ चिडे, पाटी आदळे, आणि पुन्हा बसे.

अंगणात हिशेब जमायला लागला, तेव्हा त्यांनी नवंच काढलं. शेजारचे भैय्याजी संत्र्यांचे व्यापारी होते. त्यांचं दोन बैलांचं खाचर सौंसरकडे निघालं होतं. नलिनीताईंनी भावाला त्यात बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. दगडधोंड्यांची वाट, बैल पळताहेत, खाचर आदळतंय, आणि श्रीधर मांडीवर पाटी धरून हिशेब करतोय. मोहगावच्या वळणापर्यंत त्याला दोनदा ओकारी झाली.

"बाई, जीव घेता का पोट्ट्याचा?" भैय्याजी कळवळून म्हणाले.

"इथं नाही जात जीव, भैय्याजी. इथं चुकला तर चालते," नलिनीताई म्हणाल्या आणि त्यांनी भावाकडे लोट्यातलं पाणी सरकवलं. "तोंड धू. पुन्हा कर."

सौंसर येईतो त्यानं उत्तर काढलं. नलिनीताईंनी ते तपासलं, आणि पिशवीतलं संत्रं सोलून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

जानेवारीत त्या भावाबरोबर मुंबईला निघाल्या. स्टेशनावर आईनं त्यांना बाजूला घेतलं. जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर पुडीत बांधून दिला आणि हळूच म्हणाल्या, "नलू, त्याले भेव वाटलेलं दिसलं ना, तं वापस घेऊन येजो. तुहं ऐकते तो."

गोदीत होडी पाहून नलिनीताई जागीच थांबल्या. केवढीशी ती! पांढुर्ण्याच्या रेल्वे फाटकावर यापेक्षा मोठ्या बैलगाड्या उभ्या असत. होडीच्या मागच्या अंगाला मात्र ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: पांढुर्णा.

बंदराचे अधिकारी कोकणातले, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सामान पाहिलं, पिण्याचं पाणी पाहिलं, दोर ओढून पाहिले. मग त्या अक्षरांपाशी थांबले. "इथं बंदराचं नाव लिहितात. हे पांढुर्णा कुठलं बंदर?"

"बंदर नाही, साहेब. माझं गाव आहे," श्रीधर म्हणाला. "मध्य प्रदेशात."

"तिथं समुद्र कुठाय?"

"म्हणून तर इथं यावं लागलं."

अधिकारी मोठ्यानं हसले. मग त्यांनी त्याला सूर्याचा एक हिशेब घातला. श्रीधरनं तो केला, पुन्हा पहिल्यापासून करून पाहिला आणि कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी मान हलवली. "कोणाकडे शिकलात?"

"ही माझी बहीण. हिनं शिकवलं."

अधिकाऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "बाई, तुमचा विद्यार्थी पक्का आहे. नाव तसंच राहू द्या."

निघायच्या सकाळी दोघं धक्क्याच्या टोकाला उभी होती. नलिनीताई पहिल्यांदाच उघडा समुद्र पाहत होत्या. नकाशावर तो निळा आणि शांत असे. इथे तो हलत होता, आणि त्याला पलीकडचा काठच नव्हता. त्यांनी भावाकडे पाहिलं. हातातल्या दोराची गाठ तो उगाच सोडत-बांधत होता.

"भेव वाटून राहिलं का रे?"

श्रीधरनं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "हो, ताई. तू नको म्हणशील तं नाही जाणार."

आईचे शब्द नलिनीताईंच्या ओठांवर आले होते. घरी परतायची दोन तिकिटं काढली असती तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. पण समोर उभा होता तो खाचरात ओकून पुन्हा पाटी घेणारा माणूस. त्यांनी पुडी सोडली आणि त्याच्या कपाळाला शेंदूर लावला. "भेव असू दे. म्हणजे हिशेब दोनदा करशील. जा."

कोळ्यांच्या एका होडीनं त्याला दोर लावून बाहेर काढलं आणि मग दोर सोडला. क्षणभर शीड नुसतंच फडफडलं. मग वारा भरला, होडी एका अंगाला कलली आणि चालू लागली. धक्क्यावरचे कोळी ओरडले, कोणी टोपी उडवली. नलिनीताई ताठ उभ्या होत्या. पांढुर्णा ही अक्षरं दिसेनाशी होईतो त्यांनी डोळेसुद्धा पुसले नाहीत.

परतल्यावर आईनं एकच विचारलं, "भेव नव्हतं त्याले?"

"होतं. तरी मी जाऊ देलं, माय."

आई उठून आत गेल्या. कितीतरी दिवस मायलेकी कामापुरतंच बोलल्या. नलिनीताई शाळेत जात, फळ्यावर गणितं मांडत, आणि मधली सुट्टी झाली की भिंतीवरच्या नकाशातल्या अरबी समुद्रासमोर उभ्या राहत.

महाशिवरात्रीच्या तोंडावर शाळेत तार आली. श्रीधर मोंबासाला सुखरूप पोचला होता. नलिनीताई वर्ग तसाच सोडून घराकडे धावत सुटल्या; गणिताच्या बाईंना असं धावताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत अंगण माणसांनी भरलं. भैय्याजींनी संत्र्यांच्या पेट्या फोडल्या. ज्याला त्याला ते सांगत होते की हिशेब माझ्याच खाचरात झाला. सौंसरहून आलेल्या एका पाहुण्यानं गर्दीत विचारलं, "कोणाचा हो पोरगा, एकटा समुद्र पार करून गेला तो?"

वच्छलाबाई ओसरीवरून उठल्या. लेकीचा हात धरून त्यांनी तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं.

"पोरगा माहा," त्या म्हणाल्या, "अन् त्याले धाडलं या माह्या पोरीनं."